वर्नाची सर्व्हिस

ॲरिझोनातल्या एका निवृत्तांच्या वसाहतीत वर्ना स्टकीला जी माणसं नजरेसमोर नको असत, त्यांत गारलंड प्रुइटचा नंबर पहिला. हा माजी दंतवैद्य रोज सकाळी पिकलबॉल या टेनिससारख्या खेळाच्या कोर्टवर मोबाइल तिकाटण्यावर लावून स्वतःच्याच सर्व्हिसचं चित्रण करायचा आणि मग ज्याला त्याला शिकवत सुटायचा. मनगट सैल सोडा, गुडघे वाकवा, चेंडू खोल टाका. नेब्रास्काच्या बर्फात एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या वर्नाला गुडघे कसे वाकवायचे हे आता हा सांगणार!

"लोकांच्या तोंडात हत्यारं घालून बोलायची सवय आहे त्याला," ती दुहेरीतली आपली जोडीदार डोरीन हिला म्हणायची. "समोरच्याला उत्तर देता येत नाही, तेच आवडतं मेल्याला."

फेब्रुवारीत वर्नाचीच सर्व्हिस बिघडली. चारांतले तीन चेंडू जाळीत, चौथा रेषेबाहेर. तिने उन्हाला दोष दिला, वाऱ्याला दिला, नवी बॅट आणली. आठवडाभराने डोरीन हळूच म्हणाली, "मार्चच्या स्पर्धेत मी लॉइसबरोबर खेळले तर चालेल तुला?"

"अजून महिना आहे," वर्ना म्हणाली आणि पाठ फिरवून निघाली.

दुसऱ्या दिवशी कुणी यायच्या आत सराव करावा म्हणून ती उजाडताच कोर्टवर गेली, तर गारलंड आधीच हजर. पाच-सहा सर्व्हिस त्याने निमूट पाहिल्या.

"उजवा हात ठीक आहे तुझा. चेंडू सोडणारा डावा थरथरतोय."

"थंडी आहे."

"बिनबाह्यांचा शर्ट घातलायस."

"डॉक्टरसाहेब, तुमचं दुकान बंद झालंय ना?"

"झालंय." त्याने दोन्ही हात तिच्यासमोर धरले. बोटं बारीक कापत होती. "एका बाईच्या हिरडीला टाका घालताना सुई घसरली. दुसऱ्याच दिवशी कुलूप लावलं." मग हात खिशात घालून तो म्हणाला, "चेंडू हवेत मारूच नकोस. हातातून नुसता पडू दे, टप्पा घेऊ दे आणि मग मार. नियमात बसतं."

वर्नाला त्याची दया वगैरे आली नाही. आपला हात कापतो हे नेमकं याला कळावं, याचाच संताप आला. तरी तिने चेंडू सोडला. टप्पा पडला, बॅट फिरली आणि चेंडू पलीकडे अगदी कोपऱ्यात जाऊन पडला.

"आता गुडघे..."

"गुडघ्यांचं नाव काढलंस, तर पुढचा चेंडू तुझ्या दातांवर."

महिनाभर ती रोज पहाटे गेली आणि रोज त्याच्यावर खेकसली. लॉइसचं नाव डोरीनने पुन्हा काढलं नाही. स्पर्धेत दोघी उपांत्य फेरीत हरल्या, पण वर्नाची एकही सर्व्हिस जाळीत गेली नाही. गारलंड मात्र पहिल्याच फेरीत बाद झाला होता आणि ज्याने हरवलं त्यालाच मनगटाबद्दल समजावत उभा होता.

"ही सर्व्हिस शिकवली कुणी तुला?" डोरीनने विचारलं.

"कुणी नाही. आपली आपणच बसवली."

गारलंड चार पावलांवर पाणी पीत होता. त्याने ऐकलं, बाटलीचं झाकण लावलं आणि निघून गेला. वर्नाला क्षणभर स्वतःचीच किळस आली, आणि त्याबद्दलही तिने मनातल्या मनात त्यालाच शिव्या घातल्या.