किती लांबून बघणार?

पाटणकर बाजारातल्या श्रीपादच्या दुकानात कोणी फोटो मोठा करून घ्यायला आलं की तो आधी एकच विचारायचा, "किती लांबून बघणार?" गिऱ्हाईक गोंधळायचं. फोटो म्हणजे फोटो, त्यात लांब-जवळ काय आलं? पण श्रीपादचं सगळं काम त्या उत्तरावर चालायचं. बैठकीच्या भिंतीवर आठ फुटांवरून बघायचा फोटो वेगळा आणि हातात धरून बघायचा वेगळा. छापताना कडा किती उठवायच्या, ते त्यावरून ठरतं. त्यातून बिनचमकीचा मॅट कागद शाई पितो, म्हणून स्क्रीनवर थोडं जास्तच वाटेल इतकं शार्प करावं लागतं, तेव्हा कुठे कागदावर ते बेताचं उतरतं. बेताचं म्हणजे, शार्प केलंय हे कोणाला कळता कामा नये. काही फोटोग्राफर नवरीच्या पापण्या तारेच्या ब्रशसारख्या करून आणत. श्रीपाद त्यांना तोंडावर हसायचा. या बाबतीत तो जरा शिष्टच होता.

सीमंतिनीबाईंचं काम आलं तेव्हा मात्र तो हा प्रश्न विचारायलाच विसरला. एक तर काम फोनवर आलं. बाईंचा मुलगा राघव बंगळुरूला असतो, त्याने आपला फोटो पाठवला आणि मागोमाग फोन केला.

"श्रीपाददादा, आईला माझा आत्ताचाच फोटो हवा आहे. जुने चालणार नाहीत म्हणते, ते तिला पाठ आहेत. पण जरा सॉफ्ट करून द्या ना, प्लीज."

फोटो बघून श्रीपादला कारण कळलं. राघवची गालफडं बसली होती, सदऱ्याच्या गळ्यात मान सैल दिसत होती. बाकीचं राघवने फोनवरच सांगितलं: पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, चौदा किलो वजन उतरलं होतं, पुढचे उपचार चालू होते. आईला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

"दोन-तीन महिन्यांत तब्येत भरेल, मग मीच येतो. तोवर तिला टेन्शन नको."

श्रीपादने कबूल केलं. प्रोग्राममध्ये शार्प करायच्या तीन पट्ट्या असतात: कडा किती उठवायची, किती रुंद उठवायची आणि थ्रेशोल्ड, म्हणजे किती बारीक फरक सोडून द्यायचे. त्याने थ्रेशोल्ड चढवला. भुवया, चष्मा, कॉलर स्वच्छ उठले आणि कातडीवरच्या रेषा जशाच्या तशा मऊ राहिल्या. खोटं काहीच केलं नव्हतं, नुसतं सोडून दिलं होतं. प्रिंट इतकी सुरेख आली की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

ती घेऊन तो बाईंकडे गेला. शाळेत त्यांनीच त्याला भूमिती शिकवली होती, त्यामुळे साठीला टेकला तरी त्यांच्यासमोर तो खुर्चीत टेकून बसत नसे. बाईंनी फोटो घेतला आणि डोळ्यांपासून वीतभर अंतरावर नेला. मग मान वळवून, डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागल्या. बाईंचे डोळे अधू झालेत हे त्याला ऐकून माहीत होतं, पण इतके, हे माहीत नव्हतं.

"सदरा निळा आहे," बाई म्हणाल्या. "चष्मा आहे. मधे सगळं पिठासारखं. तू चांगलाच केला असशील रे, माझ्याच डोळ्यांचा पडदा गेलाय. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत चेहरे बिलकुल दिसायचे नाहीत." त्या जरा थांबल्या. "श्रीपाद, मला त्याला एकदा नीट बघायचंय. थोडा स्पष्ट होईल का?"

होईल म्हणावं तर राघवला दिलेला शब्द मोडतो. नाही म्हणावं तर ते धादांत खोटं. "बघतो," एवढंच म्हणून तो उठला.

दुकानात परत येऊन तो बराच वेळ पट्ट्यांकडे बघत बसला. राघवला विचारावं, म्हणून दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. राघव नाहीच म्हणणार. तब्येत भरल्यावर ये म्हणावं, तर तोवर बाईंचे डोळे थांबणार नव्हते. तीन महिन्यांनी राघव गुटगुटीत होऊन समोर उभा राहिला तरी त्यांना त्याचा आवाजच मिळणार होता. मग आपण लपवतोय ते कोणाच्या भल्यासाठी?

मग त्याने थ्रेशोल्ड शून्यावर आणला. कडांची रुंदी जन्मात ठेवली नव्हती इतकी वाढवली, जोरही वाढवला. डोळ्यांखालचे खड्डे काळे पडले, गालांवरची एकेक रेष वर आली. कानाभोवती पांढरी कड उमटली. भूमितीच्या वहीत अशी दुहेरी रेघ काढली असती तर बाईंनी वही भिरकावली असती! असली प्रिंट दुसऱ्या कोणाच्या दुकानात दिसती तर त्याने आठवडाभर टिंगल केली असती. त्याने ती छापली.

बाईंनी पुन्हा तसाच फोटो धरला, तशीच मान वळवली. या वेळी फोटो धरलेला त्यांचा हात हळूहळू सरकत राहिला, नजर कपाळाकडून हनुवटीकडे, परत वर.

"किती वाळलाय रे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मान श्रीपादकडे वळवली.

"तुला ठाऊक होतं?"

"हो बाई." त्याला लाज वाटली, शाळेत वाटायची तशीच. "तुम्हाला त्रास नको म्हणून त्यानेच..."

"आवाजावरून मला संशय होताच. विचारलं की हसण्यावारी न्यायचा." त्यांनी डोळे पुसले, फोटो मांडीवर ठेवला. "लाव त्याला फोन."

श्रीपादने फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून राघवचा मोठा, मोकळा आवाज खोलीभर आला. "हां आई, बोल! मी एकदम मजेत. तू कशी आहेस? फोटो मिळाला?"

"मिळाला. माझ्या मांडीवर आहे," बाई म्हणाल्या. "दिसला मला. सगळा दिसला. आता सांग, कुठे दुखतं?"

इतके महिने सगळ्यांना धीर देत आलेला सेहेचाळीस वर्षांचा राघव हुंदके देऊन रडायला लागला.

"रड," बाई म्हणाल्या. "मी ठेवत नाही फोन."