कोठीतल्या सिगार

दिवाळी संपवून आम्ही बेंगळुरूहून परतलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विठाबाई सिगारची पेटी घेऊन आल्या. पेटी त्यांनी पदराखाली झाकून आणली होती. शरच्चंद्र आंघोळीला गेले आहेत ना, हे आधी विचारून घेतलं आणि मगच ती ओट्यावर ठेवली.

"ही तुमची तमाकू घ्या आधी, बाई. पंधरा दिस झाले, भाताला वास मारतोय. पावनं जेवाय बसलं नि इचारत्यात, आबांनी परत चालू केली का?"

विठाबाई आणि महिपतीआबा आमचे शेजारी. कामशेतहून पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची भातखाचरं आहेत आणि त्यांना लागूनच आमचं चार खोल्यांचं घर. मी तळेगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत असे. माझे पती शरच्चंद्र मसाले आणि इसेन्स बनवणाऱ्या एका कंपनीत तेहतीस वर्षं मालाचा वास पारखायच्या कामावर होते. निवृत्तीनंतर आम्ही इथे आलो. गणपती झाल्यावर दोन महिन्यांसाठी मुलीकडे, सईकडे जाताना घराची किल्ली आबांकडे दिली होती.

विठाबाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ऑक्टोबरात पाऊस परत आला. आबांनी घर उघडून पाहिलं तर कपाटामागची भिंत ओली होती आणि साहेबांच्या बुटांवर पांढरी बुरशी चढली होती. शेजारच्या खणात सिगारची पेटी होती. साहेबांचा तिच्यात किती जीव आहे हे आबांना ठाऊक, म्हणून ते ती घरी घेऊन गेले. पेटीचं लाकूड दमटलं होतं, ते उन्हात टाकलं. सिगार मात्र पातळ फडक्यात गुंडाळून इंद्रायणी तांदळाच्या कोठीत खोल पुरल्या. तांदळात कशालाही ओल लागत नाही, हा त्यांच्याकडचा जुना अनुभव. मोबाइल पाण्यात पडला की तोही ते तिथेच ठेवतात. किडीसाठी कोठीत नेहमीप्रमाणे कडुलिंबाचा पाला घातलेला होताच. पाच आठवडे सिगार तशा राहिल्या. आठ वर्षांपूर्वी बिडी सोडलेल्या आबांवर पाहुण्यांनी संशय घेतला, त्याचा त्यांना राग आला होता आणि साहेबांच्या वस्तूचं आपण वाटोळं केलं की काय अशी धास्तीही होती. म्हणून ते स्वतः आले नव्हते.

विठाबाई बोलत होत्या तेव्हा मी पेटी उघडून एक सिगार नाकाशी धरली. वर कच्चा तांदूळ, तो शिजताना येतो तसा नाही, पिठाच्या जवळचा, किंचित गोड. त्याच्याखाली सुकलेल्या कडुलिंबाचा कडवट वास. तंबाखू या दोघांच्या मागे कुठेतरी.

मी त्यांना म्हटलं की साहेबांना यातलं काही सांगू नका. आबांना बोलणी बसू नयेत म्हणून मी झाकते आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी मान हलवली आणि त्या गेल्या. मी वेगळाच विचार करत होते.

ही सिगार काही भारी नाही. आमचा मुलगा धवल दर चार महिन्यांनी येताना विमानतळावरून वीसांची एक पेटी आणतो. रोज ओढणाऱ्यांसाठी केलेली, मध्यम चवीची, न फार हलकी न फार जहाल. शरच्चंद्र दर रविवारी चार वाजता पडवीत बसून एक ओढतात. पूर्वी ते ओढताना जे बोलायचे ते ऐकायला मी तिथे बसत असे. एकाच पेटीतल्या दोन सिगारमधला फरक ते सांगायचे. या पानाला ऊन कमी मिळालंय, ही पेटी लसणाजवळ ठेवली होती का, आज धुरात भाजलेल्या शेंगदाण्याची साल आहे. मी धूम्रपान कधी केलं नाही, पण त्यांच्या बोलण्यावरून मला ती चव जवळजवळ पाठ झाली होती.

दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला आणि त्यात त्यांचं नाक गेलं, वास येईनासे झाले. सहा महिन्यांनी एका रविवारी ते म्हणाले, आलं परत, बरंचसं. मला फार बरं वाटलं होतं. मग हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की ते दर रविवारी तेच तीन शब्द म्हणतात. कॉफी, देवदार, शेवटी जरा चामडं. पेटीच्या झाकणात आत एक कार्ड चिकटवलेलं असतं, त्यावर हेच तीन शब्द याच क्रमाने छापलेले आहेत.

तरी मला खात्री नव्हती. कारण सिगार कडक आहे की मऊ, धूर गरम लागतो की थंड, जिभेला कितपत झोंबतो, हे सगळं ते अचूक सांगत. पण कडू, खारट, आंबट हे जीभ सांगते आणि झोंबणं वेगळ्याच मज्जातंतूकडून कळतं. त्याला नाक लागत नाही. नाक गेलेला माणूसही मध्यम सिगार मध्यम आहे हे बरोबर सांगू शकतो.

एकदा दूध जळून भांडं काळं झालं तेव्हा ते स्वयंपाकघरातच पेपर वाचत बसले होते. वाचण्यात गुंग होतो, म्हणाले. मी मान्य केलं.

आणि आता प्रज्ञेशचा प्रश्न होता. हा त्यांच्या हाताखाली शिकलेला. त्याने तळेगावला स्वतःचा मसाल्यांचा कारखाना काढला आहे. आम्ही बेंगळुरूत असताना त्याचा फोन आला होता. आठवड्यातून दोन दिवस या, सर, प्रत्येक घाणा बाहेर जाण्याआधी तुमच्या नाकाखालून गेला पाहिजे, तुम्ही नको म्हणालात तर माल थांबेल. शरच्चंद्रांनी सोमवारपर्यंत कळवतो म्हणून सांगितलं होतं. त्या दिवसापासून ते ताठ चालायला लागले होते. परतीच्या प्रवासात त्यांनी मला दोनदा विचारलं, जुने पांढरे कोट कुठे आहेत.

नाक नसताना ते तिथे गेले तर महिन्याभरात कधीतरी खवट मसाल्याला होकार देतील आणि तो शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊ मुलीलाही कळेल. कोणी तोंडावर काही म्हणणार नाही. हळूहळू त्यांच्यासमोर बरण्या यायच्या बंद होतील. याची मला भीती वाटत होती. डोळे बांधून लवंग आणि जिरं पुढे धरणं मला सहज जमलं असतं, पण तेहतीस वर्षं ज्या माणसाच्या नाकावर घर चाललं त्याची अशी परीक्षा घेण्याचं धाडस मला झालं नव्हतं. आता ती कोणी न मांडता मांडली गेली होती.

माझ्याच नाकावर विसंबणं बरोबर नव्हतं. मला आधीच माहिती मिळाली होती. म्हणून दूध घालायला कैलास आला तेव्हा मी काही न सांगता सिगार त्याच्या हातात दिली आणि कसला वास येतो विचारलं. त्याने ती बासरीसारखी आडवी धरून हुंगली.

"कोठीत ठेवली व्हती का ही? निंबाचा पाला हाय," तो म्हणाला. मग मला अर्धा लिटर कमी दूध देऊन गेला, कारण तो अजून त्या सिगारचाच विचार करत होता.

रविवारी चार वाजता शरच्चंद्र पडवीत बसले. मी मटार सोलायला घेऊन समोर बसले. समोरच्या खाचरात कापणी झाली होती आणि ओळीने भाताचे भारे पडले होते. त्यांनी सिगार बोटांत फिरवली, हलकेच दाबली.

"कोरडी पडलीय जरा. भराभर जळेल."

हे बरोबर होतं, पण बोटांनी कळलेलं होतं. त्यांनी टोक कापलं आणि न पेटवताच एक झुरका घेऊन पाहिला. ते नेहमी तसं करतात. पेटवण्याआधी पानाची चव सगळ्यात स्वच्छ येते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी मटार सोलायची थांबले. तांदूळ तेव्हाच कळायला हवा होता.

त्यांनी काडीपेटी घेतली. काडी ओढली, सिगार फिरवत फिरवत सगळीकडून सारखी पेटवली. दोन झुरक्यांमध्ये मिनिटभर थांबायचं ही त्यांची शिस्त अजूनही तशीच होती. करड्या राखेचं टोक बोटाच्या पेराएवढं झालं. धूर माझ्याकडे वळला तेव्हा त्यात गोठ्यात डासांसाठी पाला जाळतात तशी एक पुसट रेघ होती.

"झोंबत नाही," ते म्हणाले. "मध्यम म्हणजे मध्यमच. कॉफी आहे. देवदार आहे. पुढे चामडं येईल."

मी विचारलं, "आणखी काही?"

"आणखी काय असणार? तीच तर आहे."

मला वाटलं होतं की उत्तर मिळालं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. मी मटारचं ताट खाली ठेवलं आणि त्यांना सांगितलं की ही सिगार पाच आठवडे आबांच्या तांदळाच्या कोठीत होती, कडुलिंबाच्या पाल्यात. ओल्या भिंतीपासून विठाबाईंच्या भाताला लागलेल्या वासापर्यंत सगळं, आणि कैलासलाही ते कळलं होतं, हेही सांगितलं. अर्धवट सांगणं आणखी वाईट झालं असतं.

ते रागावले नाहीत. सिगारच्या टोकाकडे बघत राहिले. मग विचारलं, "वास किती आहे?"

"विठाबाईंच्या स्वयंपाकघरात उभं राहिल्यासारखा."

"इतका," ते म्हणाले.

रस्त्यावरून कामशेतची एसटी गेली. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त बोलल्यासारखं होतं. खोटं बोलायचं असं ठरवून काही बोललो नाही, असं ते म्हणाले. एका रविवारी खरंच कॉफी आल्यासारखी वाटली. पुढच्या रविवारीही वाटली.

"आता मलाच कळत नाही, शैला. वास येतो की आठवतो, ते."

मी त्यांच्या जवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्यांनी सिगार माझ्यापुढे धरली.

"घे. तू सांग."

मी नको म्हटलं. त्यांनी हात मागे घेतला नाही. धूर छातीत ओढायचा नाही, फक्त तोंडात घ्यायचा, गाल भरू द्यायचे, मग अगदी थोडा नाकातून सोडायचा, असं त्यांनी सावकाश सांगितलं. पहिल्या वेळी मी खोकले. दुसऱ्या वेळी जमलं.

"लाकडासारखं," मी म्हणाले.

"लाकूड म्हणजे काय? ओलं की वाळलेलं? नुकतं कापलेलं की जुनं?"

मी पुन्हा झुरका घेतला. "वाळलेलं. सुताराकडच्या भुशासारखं."

"आणि गोड कुठे लागतं? आधी की नंतर?"

"नंतर. तांदळाबरोबर."

"तांदूळ की पेज?"

मला विचार करावा लागला. पेजच होती, मिठाची. मी तसं सांगितलं आणि त्यांनी डोळे मिटून मान हलवली. कितीतरी वेळ ते असेच विचारत राहिले, मी उत्तरं देत राहिले. माझे चार शब्द त्यांनी खोडून काढले, दोन ठेवले. कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी प्रयोगवहीवरून बोलायचे तसंच ते मला बोलत होते आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. कार्डावरचं देवदार मला शेवटपर्यंत सापडलं नाही. तेही ठीक आहे, म्हणाले, लिहिणाऱ्यालाही कदाचित सापडलं नसेल.

अर्धी सिगार उरली तेव्हा त्यांनी ती रक्षापात्राच्या खाचेत ठेवली आणि खिशातून फोन काढला. सोमवारपर्यंत वेळ आहे, मी म्हटलं. उद्यापर्यंत थांबलो तर पुन्हा वास यायला लागेल, ते म्हणाले.

प्रज्ञेशने लगेच उचलला. त्याचा आनंदी आवाज मलाही ऐकू येत होता. शरच्चंद्रांनी त्याला पहिलं वाक्य पुरं करू दिलं.

"नाही रे, मला यायला जमणार नाही. पगाराचा प्रश्न नाही. माझं नाक गेलंय. दोन वर्षं झाली."

मग प्रज्ञेश बराच वेळ काहीतरी बोलला, हळू आवाजात. शरच्चंद्र हूं हूं करत होते. मध्येच म्हणाले, तुझ्याकडची ती नवी मुलगी आहे ना, पायल, तिला बसव तिथे, आणि ती "छान वास येतो" एवढंच म्हणत असेल तर तिला माझ्याकडे पाठव. त्यानंतर प्रज्ञेशने विचारलं, हे कोणत्या डॉक्टरांनी शोधून काढलं. शरच्चंद्रांनी कुंपणापलीकडे पाहिलं. तिथे विठाबाई अंगणात पसरलेलं भात पायाने सारखं करत होत्या.

"डॉक्टर नाही," ते म्हणाले. "आमच्या शेजारच्या विठाबाई. त्यांच्या भाताला माझ्या सिगारचा वास लागला होता." आणि प्रज्ञेशला नीट कळावं म्हणून त्यांनी ओल्या भिंतीपासून सगळं सांगायला सुरुवात केली.