सहावा दोर

ट्रंकेत सहा दोर होते. पाच अखंड, प्रत्येकी आठ मीटर, सुती, करंगळीएवढे जाड. सहावा दोन तुकड्यांत: एक चार मीटर नव्वद सेंटिमीटर, दुसरा तीन मीटर दहा. शिवाय बोथट टोकांची एक कात्री आणि कुठल्याच कुलुपाच्या नसलेल्या तीन किल्ल्या, एका कडीत. तुळजारामनं सगळं चटईवर मांडलं, मोजलं, परत ट्रंकेत ठेवलं. मग पुन्हा काढलं. पापनाशमची बस साडेदहाला येते. दहा वाजून सात मिनिटं झाली होती.

तो खिडकीशी गेला, दाराशी गेला, कडी लागते का पाहिलं, पुन्हा खिडकीशी आला. एकेचाळीस वर्षांचा, बिनलग्नाचा माणूस. कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मुलांना लंबक मोजायला शिकवायचा. राजवाड्यामागच्या गल्लीत राजलक्ष्मी अक्कांच्या माडीवर सात वर्षं राहत होता, आणि अक्कांच्या मते त्याच्याइतका शांत भाडेकरू अख्ख्या तंजावुरात नव्हता.

गुरुवारी कॉलेजच्या ऑफिसात त्याच्यासाठी फोन आला होता.

"रघुनाथ बोलतों, पापनाशमहून. ठेवू नको रे. माझाच एसटीडी बूथ आहे, घाई नाही."

आठ वर्षांनी तो आवाज ऐकून तुळजारामला एकच शब्द सुचला. "हात?"

"येऊन दाखवतों. आदितवारी."

मद्रासला त्यांची सात जणांची मंडळी होती. दोरानं बांधण्यात आणि बांधून घेण्यात ज्यांना सुख मिळतं अशी सात पुरुष माणसं, महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी जहाजावरून निवृत्त झालेल्या व्यंकटरमण कॅप्टनच्या घरी जमायची. कॅप्टननं गाठी शिकवल्या आणि नियमही. दोर आणि कातडी यांच्यामध्ये दोन बोटं शिरली पाहिजेत. बांधलेल्याच्या हातात किल्ल्या द्यायच्या. त्यानं त्या टाकल्या की तत्क्षणी थांबायचं. ज्यानं बांधलं त्यानंच सोडवायचं, हातानं; कात्री फक्त संकटात. आणि ज्यानं बांधलं त्यानं खोली सोडायची नाही.

तिथंच एका रविवारी कुणीतरी दोराचे वेढे मराठीत मोजताना त्यानं ऐकलं. तेही घरच्या, तंजावरी मराठीत. तो रघुनाथ. नकाशे काढायचा, डावखुरा होता, अखंड बडबडायचा. पुढची तीन वर्षं ते दोघं एकमेकांचे होते. बोलताना रघुनाथचा श्वास मिनिटाला वीसच्या वर असायचा. दोर बसला की बडबड थांबायची आणि दहा मिनिटांत श्वास अकरावर यायचा. तो आकडा तुळजारामनं कुणालाही सांगितला नव्हता. आपल्या हातून दुसऱ्या माणसाला एवढी स्वस्थता मिळते, याहून मोठं काही त्याच्या आयुष्यात घडलंच नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात, तुळजारामच्याच खोलीवर, फरशी टोचू नये म्हणून त्यानं रघुनाथखाली रजई अंथरली आणि त्याला बांधलं. दार वाजलं. घरमालक पाण्याच्या लॉरीबद्दल बोलायला आला होता. तुळजाराम जिन्यात जाऊन पंचवीस मिनिटं बोलला. किल्ल्या कधीच पडल्या होत्या. रजईवर पडल्या, आवाज झाला नाही. तो परतला तेव्हा डावा दंड दोराखाली दबून हात मनगटापासून लुळा लोंबत होता. त्यानं दोर कापला, रिक्षा केली, आणि आत गेल्यावर विचारतील त्या प्रश्नांच्या भीतीनं रघुनाथला इस्पितळाच्या फाटकाशी उतरवून तो निघून गेला. महिन्याभरात मद्रासही सोडलं.

दहा चाळीसला जिना वाजला. रघुनाथ दारात उभा राहिला. केस विरळ झालेले, अंगानं भरलेला, धापा टाकत.

"किती पायऱ्या रे ह्या?"

"एकोणीस."

"मोजलेल्या असणारच तू." तो आत आला, नजर चटईवर गेली, आणि हसायचा थांबला. "अस्क ठेवलास?"

"सगळं."

"पत्र मात्र एक लिहिला नाहीस."

तुळजारामनं कॉफी आणली. मग कपाटातून प्राणिशास्त्र विभागातून सही करून आणलेलं पकड मोजायचं यंत्र काढून पुढं केलं.

"दाब."

रघुनाथनं यंत्राकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आठ वर्षांनी भेटालास आणि परीक्षा घेतोस मज?"

"मला कळायला हवं."

उजवा हात अडतीस किलो. डावा एकतीस. तुळजारामनं तीनदा घेतलं, सरासरी काढली, आकडे कागदावर लिहिले.

"चार महिने पट्टी होती," रघुनाथ म्हणाला. "खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपलों म्हणून सांगितलों डॉक्टरला. नकाशाची नोकरी गेली. पण हात आला की परत. तू आत आला असतास तर त्याच दिवशी कळलं असतं तुज. डॉक्टर सांगितला, येईल म्हणून. मी मागं वळलों तुज सांगायला."

तुळजारामच्या पेन्सिलीचं टोक कागदात रुतून मोडलं.

"माफी माग," रघुनाथ म्हणाला, "पण त्यासाठी नाही आलों."

"माफ कर मला."

"सरी, बरं. झालं ते." तो चटईवर बसला आणि दोराचे तुकडे हातात घेतले. "कॅप्टनचा नियम काय? ज्यानं बांधलं त्यानं सोडवायचं. तू सोडवला नाहीस, कापलास. मागून दोघांकडून बांधून घेऊन पाहिलों मी. दोर लागला की घाम फुटतो मज. झोपही धड नाही. त्या दिवसाची गाठ अजून तिथंच आहे रे. तूच सोडव."

"नको. माझा भरवसा नाही मला."

"माझा आहे कां, ते विचार की."

"आहे?"

"माहीत नाही. बघू." त्यानं चार मीटर नव्वदचा तुकडा पुढं केला. "ह्यानंच बांध."

तुळजारामनं दाराला कडी लावली. चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. कात्री गुडघ्याशी ठेवली. रघुनाथ उघड्या दगडी फरशीवर भिंतीला टेकून बसला. तुळजारामनं त्याच्या हातात किल्ल्या दिल्या.

"टाकून बघ."

किल्ल्या पडल्या. खण्णकन आवाज झाला. गल्लीतलं कुत्रं भुंकलं.

"अजून एकदा."

"पुरे रे, बहिरा नाहीस तू."

फक्त मनगटं, समोर, चार वेढे. दंडाला हात नाही. प्रत्येक वेढ्याखाली त्यानं दोन बोटं घालून पाहिली. रघुनाथच्या कपाळावर घाम आला. श्वास चोवीस होता. तुळजाराम समोर मांडी घालून बसला.

तेवढ्यात खालून अक्का ओरडल्या. "तुळजाराम! सिलिंडर आला रे! लवकर उतर, पुस्तक घेऊन!"

रघुनाथची मूठ किल्ल्यांवर आवळली. तो दाराकडे बघत होता.

अक्का जिना चढून आल्या. दारावर थाप पडली. "तो थांबणार नाही! गेला तर पंधरा दिवस स्टोव्हवर रांधशील!"

"जाऊ द्या, अक्का!"

"काय करतोस तरी आत?"

"मोजतोय!"

"आदितवारीसुद्धा?" अक्का बडबडत उतरल्या. खाली रिकाम्या सिलिंडरचा आवाज झाला, मग गाडी सुरू झाली आणि गल्लीच्या वळणाशी तिचा भोंगा वाजला.

"जा की," रघुनाथ हळूच म्हणाला. "पळत गेलास तर गाठशील."

"नाही."

"कॉफी कशी करशील?"

"तू गप्प बस."

रघुनाथ हसला. मग खरंच गप्प बसला. डोकं मागं भिंतीला टेकलं, डोळे मिटले. किल्ल्या मुठीत होत्या. तुळजाराम हलला नाही. पायाला मुंग्या आल्या तरी हलला नाही. दहा मिनिटं गेली. मग त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून फरशीवर ठेवलं, सेकंदकाटा बारावर येईपर्यंत वाट पाहिली, आणि रघुनाथच्या छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं.

चौदा.