सगळ्यांची नोना

पोलिक्सेनीबाईंनी ग्रीसच्या डोंगरांतल्या आमच्या खोऱ्यात इतक्या पोरांचा बाप्तिस्मा केला, की जैतुणाच्या झाडांनी धसका घेऊन दोन वर्षं बहर धरला नाही. विरोधी पक्षाचे लोक तर शपथेवर सांगत की बाईंची नजर पडली की गरोदर बायका पदर सावरून मागच्या दारानं पळतात. ते खोटं होतं. उलट बायका पुढच्या दारानं धावत येत. बाईंसारखी खासदारीण नोना झाली, म्हणजे पोराला सरकारी नोकरी पाळण्यातच लागली असं समजायचं. नोना म्हणजे धर्ममाता. बाळाला तेल लावायचं, बाप्तिस्म्याच्या हौदातून वर घ्यायचं, नाव द्यायचं, आणि मग जन्मभर दर ईस्टरला त्याच्यासाठी नाव लिहिलेल्या रिबिनीची मेणबत्ती न्यायची. बाईंच्या मेणबत्त्यांवर जवळच्या कार्पेनिसी शहरातल्या मेणबत्तीवाल्यानं दुमजली घर बांधलं. हे मात्र खरं आहे, घर अजून उभं आहे.

या धंद्यातला पहिला धडा बाईंना त्यांच्या काकांनी दिला होता. अगिसिलाओसकाका जुने निवडणूकबाज. बाई पहिल्यांदा उभ्या राहिल्या तेव्हा बाईमाणसानं उभं राहणं हीच एक जत्रा होती. काका जपमाळेचे मणी खटखट वाजवत म्हणाले,

"पोरी, बाप्तिस्मे कर, पण फक्त मुलग्यांचे. मुलीला हात लावायचा नाही."

"का हो? मुली काय मत देत नाहीत?"

"देतात गं. पण एका नोनाच्या तेलातली पोरं भाऊबहीण होतात, चर्च त्यांचं लग्न लावत नाही. मुलगे घेतलेस आणि एक जरी मुलगी घेतलीस, तर तिला या खोऱ्यात नवरा मिळायचा नाही. अर्धं खोरं तिचा भाऊ!"

बाईंनी हे पाळलं. मुलगे, मुलगे आणि मुलगे. पहिलाच होता मधमाश्यावाल्याचा स्टेरगिओस. तेल लावताना तो इतका रडला की गावचे पाद्री पापा-येरासिमोस म्हणाले, "हा विरोधी पक्षात जाणार."

बाईंना गावोगाव न्यायचा तो खेचरवाला लाम्ब्रोस. रस्ते नव्हतेच. डेस्पो नावाच्या त्याच्या खेचरीवर बसून बाईंनी दोन निवडणुका लढवल्या. एक हरल्या, एक जिंकल्या. जिंकल्या त्या वेळी डेस्पोचंही नाव मतदार यादीत होतं असा बोभाटा झाला. लाम्ब्रोस म्हणायचा, "असतं तर बरं झालं असतं. घरातलं एक तरी डोकं शहाण्यासारखं मत देतं."

मग लाम्ब्रोसची बायको बाळंतपणात गेली. मुलगी वाचली. चाळिसाव्या दिवशी तो फाटकाशी येऊन उभा राहिला. टोपी हातात, आणि दुसऱ्या हातात कांबळ्यात गुंडाळलेलं गाठोडं.

"बाई, सगळ्या खोऱ्याला तुमचं तेल लागलं. माझ्या पोरीनं काय घोडं मारलंय?"

"लाम्ब्रोस, तुला ठाऊक आहे ना..."

"मला काय ठाऊक? मला खेचर हाकता येतं. बर्फात तुमच्या पायांना माझं कांबळं गुंडाळलं, तेव्हा मी विचारलं नव्हतं की तुम्ही मुलगा आहात का मुलगी."

काका आतून ओरडले, "नको! पोरी, नको!" पण बाईंनी गाठोडं हातात घेतलं होतं. पोरीनं त्यांचं बोट धरलं. अथेन्समध्ये युद्धातल्या उपासमारीच्या हिवाळ्यात बाईंची धाकटी बहीण अंथुला अशीच बोट धरून गेली होती. बाईंनी मुलीला तेल लावलं आणि नाव दिलं अंथुला.

पुढं लष्करातल्या कर्नलांची राजवट आली. बाईंना एका उघड्याबोडक्या बेटावर धाडलं. तिथं वारा इतका, की शेळ्या दोरीनं बांधाव्या लागत, नाहीतर समुद्रात उडत. खोऱ्यातल्या मोठमोठ्या माणसांनी बाईंच्या घरासमोरून जाणं सोडलं. दर उन्हाळ्यात त्या बेटावर अक्रोडाची एक पिशवी पोचायची. पाठवणारा लाम्ब्रोस. वर चिमुकल्या हातानं काढलेलं खेचराचं चित्र, चारच्या जागी पाच पाय. बाईंनी ती चित्रं भिंतीला लावली. पहारेकऱ्याला वाटलं, पाचवा पाय म्हणजे काहीतरी सांकेतिक खूण आहे. त्यानं ती अथेन्सला तपासायला पाठवली.

राजवट पडली. बाई परत आल्या, परत निवडून आल्या. लग्न केलंच नव्हतं. नामदिनाला, म्हणजे बाईंच्या नावाच्या संताच्या दिवशी, सगळी धर्ममुलं घरी जमत, अंगणात पाय ठेवायला जागा नसे. अशाच एका नामदिनाला बाई स्वयंपाकघरातून नारंगीचा मुरंबा घेऊन बाहेर आल्या, तर कोपऱ्यातल्या अक्रोडाखाली स्टेरगिओस आणि अंथुला उभे. बोलत नव्हते, नुसते उभे होते. निवडणुकीत हवा कुठली वाहते हे ज्या बाईला सात मैलांवरून कळायचं, तिला हे अंगणात कळलं. फार उशिरा.

दोघं लग्नाचं विचारायला गेली तेव्हा पापा-येरासिमोसनी हात जोडले. "पोरांनो, मी स्वतः हौदाशी होतो. एकच नोना, एकच तेल. मी तुमच्या डोक्यावर लग्नाचे मुकुट चढवले तर बिशपसाहेब माझी दाढी उपटतील."

"आम्ही सख्खे थोडेच आहोत?" अंथुला म्हणाली.

"सख्खे असता तर सोपं होतं. ते रक्ताचं. हे पवित्र आत्म्याचं."

पोरं बाईंकडं आली. स्टेरगिओस दाराशीच थांबला, अंथुला आत आली.

"नोना, तुम्ही धरणं आणलीत, रस्ते आणलेत. हे एवढं करा."

"करते," बाई म्हणाल्या. तीस वर्षांत लोकांना त्यांनी हजार वेळा 'करते' म्हटलं असेल. पण हे करायचंच होतं.

त्याच वेळी संसदेत नगरपालिकेतल्या लग्नाचं विधेयक आलं होतं. पाद्र्याशिवाय, मुकुटाशिवाय, महापौरासमोर सही केली की नवराबायको. बाईंचा पक्ष बाजूनं होता. बाईही होत्या. पण लाम्ब्रोसला विचारलं तेव्हा म्हातारा भडकला. "कागदावर? माझी पोर काय जमिनीचा तुकडा आहे? तिच्या आईच्या डोक्यावरचे मुकुट उशाशी टांगलेत अजून. पोरीच्या डोक्यावर मुकुट चढतील तेव्हाच मी मरेन, त्याआधी मरायला मला सवड नाही."

म्हणून बाई बिशपसाहेबांकडं गेल्या. बशीत बिहीचा मुरंबा आला, थंड पाणी आलं. बिशपसाहेब हवापाण्याचं बोलले, छपराच्या दुरुस्तीचं बोलले. मग चमचा बशीत ठेवून म्हणाले,

"या नियमातून सवलत देता येते. चर्च म्हणजे आई, आईला डोळे मिटता येतात. पण हल्ली तिच्या पोटावरच पाय देताहेत सगळे. तो कायदा! तुमच्यासारखी बाई, जिच्या तेलात अख्खं खोरं न्हालंय, ती संसदेत 'नाही' म्हणाली तर आम्हाला केवढा धीर येईल."

"आणि मुलांचं?"

"तुम्ही तुमच्याकडचं बघा, बाई. आम्ही आमच्याकडचं बघतो. आणि हे दोघांतच राहू द्या."

बाईंनी हिशेब मांडला. विधेयक तर होणारच आहे, आपल्या एका मतानं अडत नाही. मग एक मत देऊन मुकुट मिळत असतील तर काय बिघडलं? असे सौदे त्यांनी जन्मभर केले होते, एका पुलाच्या बदल्यात एक शाळा. बेटावरच्या वाऱ्यातही त्यांनी मान वाकवली नव्हती, पण ते स्वतःसाठी होतं. स्वतःसाठी ताठ राहणं सोपं असतं.

मतदानाच्या दिवशी संसदेत नावं पुकारली जात होती. बाईंचं आलं. "नाही," त्या म्हणाल्या. सभागृहात कुजबुज झाली. खोऱ्यातल्या कॉफीच्या दुकानात रेडिओ लागला होता, आणि रेडिओशेजारी स्टेरगिओस आणि अंथुला बसले होते. सगळ्यांनी त्यांच्याकडं वळून पाहिलं.

विधेयक मंजूर झालं. बाई रातोरात निघून थेट बिशपसाहेबांच्या दारात. या वेळी मुरंबा आला नाही, नुसतं पाणी.

"सवलत? आता कशाला?" बिशपसाहेब शांतपणे म्हणाले. "कायदा झाला ना? मुलांना नगरपालिका मोकळी आहे. चर्चनं आता का वाकायचं?"

बाई घरी आल्या तेव्हा अंथुला अंगणात उभी होती. बाईंनी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. स्टेरगिओस फाटकाबाहेरून ऐकत होता.

"आमच्यासाठी केलंत?" तो म्हणाला. "आम्हाला विचारलं असतंत नोना. आम्हाला मुकुट नको होते, आम्हाला लग्न हवं होतं."

अंथुला रडली नाही. "तुमच्या बहिणीचं नाव मला दिलंत," ती म्हणाली. "तुमचं तेल तर पुसता येत नाही. नाव तरी परत घ्या."

दोघांनी दूरच्या गावी नगरपालिकेत लग्न केलं, बाईंनी 'नाही' म्हटलेल्या कायद्यानं. महापौराला घाई होती, त्यानं टोपीही काढली नाही म्हणे. मग ती दोघं जर्मनीत श्टुटगार्टला गेली. त्या वर्षी निवडणूक झाली आणि बाई कधी नव्हे इतक्या मतांनी निवडून आल्या. सगळ्या चर्चच्या घंटा वाजल्या. विजयाच्या मिरवणुकीत माणसं मावेनात, म्हणून डोंगर थोडा मागं सरकला असं म्हणतात. बाई खिडकीत उभ्या राहून हात हलवत होत्या. लाम्ब्रोस आला नव्हता.

तो आला पुढं सहासात वर्षांनी. बाईंनी राजकारण सोडलं होतं. खोऱ्यातली पोरं अथेन्सला, जर्मनीला, ऑस्ट्रेलियाला गेली होती. बाईंनी लावून दिलेल्या नोकऱ्यांनीच त्यांना बाहेर नेलं होतं. नामदिनाला अंगण मोकळं असे. ईस्टरला आठवडा असताना, शनिवारी दुपारी फाटक करकरलं. लाम्ब्रोस, काठी टेकत.

"डेस्पो कुठंय?" बाईंच्या तोंडून पहिलं हेच निघालं.

"मेली. तुमच्यापेक्षा हट्टी होती, तरी मेली."

दोघं अक्रोडाखाली बसले.

"उद्या रात्रीच्या गाडीनं निघतोय. श्टुटगार्टला. नात आहे. चार वर्षांची."

"नाव काय?"

लाम्ब्रोसनं काठीनं जमीन उकरली. "बेबा."

"बेबा तर सगळ्याच तान्ह्या पोरींना म्हणतात रे. खरं नाव."

"बेबाच. बाप्तिस्मा केलेलाच नाही. स्टेरगिओस म्हणतो, माझ्या पोरीला कुणाचं तेल लागू देणार नाही. तेल नाही, मग नाव कुठलं? कागदावर काहीतरी लिहिलंय, पण घरात कुणी त्या नावानं हाक मारत नाही. चार वर्षांची घोडी, अजून बेबा."

बाई उठल्या. आतल्या कपाटात दर ईस्टरला घेतलेल्या, न पाठवलेल्या मेणबत्त्या होत्या, अंथुलाच्या. त्यांनी एक नवी उचलली, पांढरी, निळ्या रिबिनीची. लेखणी घेऊन बसल्या. रिबिनीवर काय लिहायचं? हात तसाच राहिला. मग त्यांनी रिबिनीची गाठ मारली, कोरीच.

"नेशील?"

"स्टेरगिओसनं बजावलंय, तेल नको." लाम्ब्रोसनं मेणबत्ती कोटाच्या आत सरकवली. "मेणाचं काही बोलला नाही."

उन्हाळ्यात तो परत आला तेव्हा बाई फाटकाशीच उभ्या होत्या. केव्हापासून, कुणास ठाऊक. शेजारीण म्हणते, ईस्टरपासून. पण शेजारीण वाढवून सांगते.

"दिली?"

"दिली. पोरगी विचारते, कुणी पाठवली? म्हटलं, नोनानं. तर म्हणते, कुणाची नोना?"

"मग? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, सगळ्यांची." लाम्ब्रोसनं टोपी काढून घाम पुसला. "तशी ती म्हणाली, मग माझी का नाही? स्टेरगिओस उठून गॅलरीत गेला."

"आणि अंथुला?"

"तिनं मेणबत्ती कपाटावर ठेवली."

"पेटवली नाही?"

"नाही पेटवली. टाकूनही नाही दिली, बाई."

बाई अक्रोडाखालच्या बाकावर बसल्या. "कपाटावर म्हणजे कुठं? नीट सांग. पुढं का मागं?"

"कपाटावर. भिंतीला टेकून."

"पोरीचा हात पोचतो तिथपर्यंत?"

लाम्ब्रोसनं विचार केला. हात वर करून उंची मोजून पाहिली, स्वतःच्या छातीशी, मग खांद्याशी.

"आता नाही पोचत," तो म्हणाला.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "पुन्हा सांग. कपाट कुठल्या भिंतीला आहे?"

त्यानं पुन्हा सांगितलं.