हजार फुटांचा शब्द

मी उंचीमापक बोलतोय. विमानाच्या कॉकपिटमधली ती काळी, गोल तबकडी. रडगाणं ऐकायला आला असाल तर आल्या पावली परत जा. मी आजवर एकही खोटा आकडा दाखवलेला नाही आणि दया कोणाकडे मागितलेली नाही.

माझ्या पोटात पातळ पत्र्याच्या हवाबंद डब्या आहेत. विमानाच्या अंगावरच्या बारीक भोकातून बाहेरच्या हवेचा दाब माझ्यापर्यंत येतो. हवा विरळ झाली की डब्या फुगतात, काटा सरकतो आणि माणसं म्हणतात, वर आलो. हवेने सांगितलं ते मी सांगतो, पदरचं काही घालत नाही.

पण फार उंचावर हवा इतकी विरळ असते की तिचं बोलणं पुटपुटल्यासारखं येतं. तिथे आमच्यावर कोणाचा भरवसा नव्हता. म्हणून एक विमान वरून आणि दुसरं खालून जायचं असेल तर मधे दोन हजार फूट मोकळे सोडत. मला तो उघड अपमान वाटायचा. पुढे आकाशात गर्दी झाली. वर इंधन कमी लागतं, त्यामुळे जो तो वरचीच जागा मागू लागला. शेवटी ठरलं, अंतर हजार फुटांवर आणायचं, म्हणजे दोन मजल्यांच्या मधे आणखी एक मजला काढायचा. अट अशी की विमानातले दोन्ही उंचीमापक अचूक हवेत आणि एकमेकांशी जुळायला हवेत. मी म्हटलं, या, घ्या परीक्षा.

मी डावीकडे, कॅप्टनसमोर. उजवीकडे सहवैमानिकासमोर माझा शेजारी, नवाकोरा, अंगावर ओरखडा नाही. दोघांची हवा आपापल्या बाजूच्या भोकातून येते. आमचं कधी वाजलं नव्हतं. नेमकं परीक्षेच्या तोंडावर विमान रंगवून आलं आणि पहिल्याच उड्डाणात, वर पोचल्यावर, आमच्या आकड्यांत तीनशे फुटांचा फरक पडला. खाली उतरलो तर दोघं पुन्हा एकमताचे.

संशय कोणावर? अर्थात म्हाताऱ्यावर. कॅप्टनने माझ्या काचेवर टिचक्या मारून पाहिल्या. माणसांची ही खोड मला अजून कळलेली नाही. ऐकलेलं पटलं नाही की सांगणाऱ्यालाच टिचकी मारतात.

मला उपसून काढलं, 'नादुरुस्त' अशी लाल चिठ्ठी बांधली आणि हँगरमधल्या ढकलगाडीवर ठेवलं. माझ्या जागी दुसरा बसवला. दुसऱ्या दिवशी विमान नव्या मजल्यावर जायचं होतं. त्यासाठी सही लागत होती उपकरणं तपासणाऱ्या इंजिनियर बाईंची. त्यांना सगळे ताई म्हणत. त्यांचे साहेब घाईत होते.

"नवा बसवलाय, दोघं जुळतायत. म्हाताऱ्याचं वय झालं, ताई. सही करा आणि सोडा विमान."

"जमिनीवर सगळेच जुळतात, साहेब. भांडण वर होतंय."

साहेबांनी वरून येणारे फोन, ताईंची अडलेली बढती, सगळं ऐकवलं. शेवटी म्हणाले, सही दुसऱ्या कोणाचीही घेता येईल.

"घ्या," ताई म्हणाल्या. "पण हजार फूट खालून जे विमान जाईल, त्यातल्या माणसांना काय सांगायचं, तेही सही करणाऱ्यालाच विचारा."

साहेब तणतणत गेले, पण दुसऱ्या कोणाकडे गेले नाहीत. ताईंनी मला तपासणीच्या यंत्राला जोडलं. माझ्यात खोट निघाली नाही. मग ढकलगाडी तशीच ओढत त्या विमानाच्या उजव्या अंगाला आल्या. जन्मभर ज्याच्या आत राहिलो, ते विमान मी पहिल्यांदा बाहेरून पाहत होतो. ताईंनी डोळे मिटले आणि शेजाऱ्याच्या भोकाभोवती बोट फिरवलं. ते एका जागी अडखळलं.

भोकाभोवतीचा चौकोन रंगवायचा नसतो. पण नव्या चकचकीत अंगावर तो उघडा पत्रा रंगाऱ्याच्या डोळ्यांत खुपला, म्हणून त्याने प्रेमाने वर रंगाचा एक हात मारला होता. डावीकडे शिडी आडवी आली, म्हणून माझा चौकोन वाचला. उजवीकडे रंगाची बारीकशी कड राहिली. जमिनीवर तिने काही बिघडत नाही. वेगात मात्र हवा त्या कडेला ठेचकाळते आणि शेजाऱ्याला भलतंच सांगते. तो बिचारा ऐकलं ते दाखवत होता.

रंगाऱ्याला बोलावलं. "तेवढंच उघडं वाईट दिसत होतं हो, ताई," तो कळवळून म्हणाला.

रंग काढला, पत्रा गुळगुळीत केला. ताईंनी लाल चिठ्ठी फाडली आणि मला माझ्या जागी परत बसवलं. चाचणीसाठी वर गेलो, दोघं जुळलो, तेव्हा कुठे सही झाली. साहेबांनी माफी मागितली नाही. मला नकोच होती.

मग आला तो दिवस. नव्या मजल्यावर समोरून एक विमान आलं आणि आमच्या हजार फूट खालून सरकन निघून गेलं. टिचकी मारायला कॅप्टनचा हात उठला, माझ्यासमोर थबकला आणि मुकाट्याने खाली गेला. इतका मान मला कधी कोणी दिला नव्हता.

आता कॉकपिटमधे आकडे दाखवणारे पडदे आले आणि मला उतरवलं. ताई शिकवायला लागल्या आहेत, मी त्यांच्या वर्गात टेबलावर असतो. नवे विद्यार्थी येतात, हसतात, काचेवर टिचकी मारतात. मारा, खुशाल मारा. काटा हलवायचा असेल तर जाऊन हवेशी बोला. तुमच्या टिचकीने मी एक फूटही हलणार नाही.