चाळीस मिलिसेकंद

लय मोजून देणाऱ्या मेट्रोनोमचे मिनिटाला पडणारे साठ ठोके त्याने तीसवर आणले आणि मधल्या जागा स्वतः भरू लागला. तर्जनी, मधलं बोट, तर्जनी, मधलं बोट. बेस गिटारच्या जाड तारेची थरथर समोरच्या रिकाम्या खुर्चीपर्यंत पोचत होती. यंत्राचा आधार जितका कमी, तितकी आपली चूक उघडी पडते. सरावाची ही रीत त्याला पटली होती. प्रयोगशाळेत इतरांची घड्याळं आणि वजनकाटे तपासण्यात त्याची हयात गेली होती.

आजच्या सरावाचं ध्वनिमुद्रण त्याने संगणकावर उघडलं. जवळजवळ प्रत्येक सूर चाळीस मिलिसेकंद उशिरा पडला होता. दोष उपकरणाचा असावा म्हणून त्याने केबल बदलल्या, जोडण्या बदलल्या, तीनदा मोजलं. चाळीसच.

मग त्याने अकरा वर्षांपूर्वीचं मुद्रण काढलं. धाकटी बहीण ड्रमवर, तो बेसवर. "तुझी लय डळमळते, तुझ्याबरोबर वाजवणं अशक्य आहे," असं तिला चारचौघांत सुनावून तो बँडमधून बाहेर पडला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं दुखण्याखुपण्यापुरतं उरलं होतं.

लय डळमळत होती, हे खरंच होतं. ड्रम नऊ ठिकाणी रेंगाळले होते. त्या नऊही ठिकाणी, लगेच आधी, बेस मागे पडला होता. कारण परिणामाच्या आधी येतं, याला अपवाद नाही. त्याने चष्मा काढून पुसला. काच स्वच्छच होती.

त्याने फोन लावला.

"कोण आजारी आहे?" बहिणीने विचारलं.

"कोणी नाही. तू थांबत होतीस."

"कुठे?"

"नऊ ठिकाणी. माझ्यासाठी."

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"हे कळायला अकरा वर्षं? दादा, तू खरंच उशिरा येतोस रे."

"चाळीस मिलिसेकंदच."

"हो, तू मोजणारच."

त्याने विचारलं, "ड्रम आहेत अजून?"

"केव्हाच देऊन टाकले. टेबल आहे. वाजव."

त्याने मेट्रोनोम बंद केला आणि फोन स्पीकरवर टाकून समोरच्या खुर्चीवर ठेवला. टेबलावरचे ठोके ऐकू येऊ लागले. फोनवर आवाज पोचायला वेळ लागतो. त्याचा सूर तिला उशिराच ऐकू जाणार. ती थांबणार, मग तोही थांबणार, आणि असं होत होत लय शेवटी बंद पडणार. गणित सरळ होतं.

पुढचा ठोका किंचित रेंगाळला.

त्याने तार छेडली.