जिन्याच्या तोंडाशी

मी एक जुना पत्र्याचा ड्रम आहे. गेली कित्येक वर्षं शीळफाट्याजवळच्या एका भंगाराच्या वखारीत, ढिगाच्या तळाशी पडलो आहे. आता दोन-चार दिवसांत मला चेपून ट्रकमध्ये टाकतील. त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे, म्हणून मित्रांनो, जरा थांबा.

कल्याणच्या बाजारात एका कारागिराने मला ठोकून घडवलं. कांताबाईंनी मला डोंबिवलीच्या चाळीत, पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत आणलं. तेव्हा नळाला सकाळी जेमतेम तासभर पाणी येई. दिवसभर सगळं घर माझ्या जिवावर चाले. चौदा एप्रिलला तर मला घासूनपुसून चाळीच्या दारात ठेवत आणि मिरवणुकीतल्या लोकांना माझ्यातलं लिंबाचं सरबत देत. शेजारची बायजा म्हणायची, "कांते, तुझ्या ड्रमासारखा ड्रम अख्ख्या चाळीत नाय." मी फुशारून जायचो. खोटं कशाला बोलू?

मग माझा तळ गंजला आणि मी गळू लागलो. घरात निळा प्लास्टिकचा ड्रम आला. खरं तर तेव्हाच मला भंगारात द्यायला हवं होतं. पण कांताबाईंच्या हातून काही सुटायचं नाही. "राहू दे, सामान ठेवायला होईल," असं म्हणून त्यांनी मला गॅलरीत, जिन्याच्या तोंडाशी उभं केलं. मलाही बरंच वाटलं. घरातून गेलो नाही ना, एवढंच मी बघितलं.

माझ्या एका बाजूला शेजारच्या जगनच्या सायकलचा सांगाडा होता. चाकं कधी येणार होती, देव जाणे. माझ्या पोटात बिनबर्नरचा स्टोव्ह, मोडक्या छत्र्या आणि प्लास्टिकच्या पिशव्यांचे बोळे जमत गेले. प्रत्येक वस्तू आत टाकताना कांताबाई म्हणायच्या, "लागेल कधीतरी." लागली एकही नाही.

एक्याण्णव साली त्यांच्या मुलाच्या, उत्तमच्या घरी पाळणा हलणार होता. त्याच्या बायकोला, मंजुळाला, आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच ठरलं. कांताबाईंना आनंद पोटात मावेना. नव्या कापडाने बाळाचं अंग सोलतं, म्हणून त्यांनी चाळभर फिरून जुन्या साड्या मागून आणल्या. लंगोटांना, दुपट्यांना किती लागतील? दहा पुरे. त्यांनी चाळीस आणल्या आणि माझ्यात कोंबल्या. वर पाळण्याच्या लोखंडी कड्या ठेवल्या. शेक-शेगडीसाठी कोळशाचं पोतं आणलं, ते मला खेटून ठेवलं. मंजुळा पोट सांभाळत तिरकी होऊन माझ्या बाजूने जायची. एकदा ती म्हणालीसुद्धा, "आई, हे जरा हलवूया का?"

"अगं, सगळं तुझ्याच बाळाचं आहे!" कांताबाई हसून म्हणाल्या.

मे महिन्यातल्या एका दुपारी मंजुळाची किंकाळी ऐकू आली. दिवस भरायला अजून पंधरा दिवस होते. बायजा इस्पितळात आया होती. ती धावत आत गेली आणि तशीच बाहेर आली. "रक्त जातंय. पायी चालवू नका, उचलून न्या. जगन, रिक्षा थांबव, मग वर ये!"

उत्तम आणि जगनने मंजुळाला लाकडी खुर्चीत बसवून उचललं. दहा पावलं आले आणि माझ्यापाशी अडले.

"वळत नाय रे!"

"ड्रम सरकव!"

"सरकवू कुठं? इकडं सायकल, तिकडं पोतं!"

खुर्ची खाली ठेवावी लागली. कांताबाई पुढे झाल्या आणि मला रिकामं करू लागल्या. कड्या काढल्या. एक साडी काढली, झटकली, घडी घालून बाजूला ठेवली. दुसरी काढली. त्या घाबरल्या होत्या, तरी हात घडीच घालत होते. मला ओरडावंसं वाटत होतं. खुर्चीच्या पायाशी रक्ताचे थेंब पडत होते. मंजुळाची मान एका बाजूला कलली.

"कांते!" बायजा किंचाळली. "बाळ पाहिजे का लंगोट?"

कांताबाईंचे हात थांबले. त्यांनी मंजुळाकडे पाहिलं.

"उचला त्याला," त्या म्हणाल्या. "टाका खाली. खालच्या पोरांनो, बाजूला व्हा रे!"

दोघांनी मला उचलून कठड्यावर घेतलं. शेवटचा धक्का कांताबाईंनी दिला. मी अंगणात आदळलो, चेपलो. वरून घाईची पावलं जिना उतरली आणि रिक्षा गेली.

मी तिथे संध्याकाळपर्यंत आडवा पडून होतो. माझ्या आजूबाजूला साड्या विखुरल्या होत्या आणि त्या उचलायला कोणी येत नव्हतं. उन्हाने पत्रा तापला. फाटकाशी रिक्षा वाजली की माझा जीव उडायचा. मीच तिची वाट अडवली, हे एकच मनात होतं.

दिवेलागणीला उत्तम आला. अंगणात जमलेल्यांना म्हणाला, "मुलगी झाली. मंजूला रक्त चढवतायत. शुद्धीवर आहे." आणि पायरीवर बसून तो रडला. मीही रडलो असतो, पण ड्रमांना ती सोय नसते.

तिसऱ्या दिवशी कांताबाई घरी आल्या. त्यांनी दहा साड्या धुवायला घेतल्या, उरलेल्या ज्यांच्या त्यांना परत केल्या. मग गॅलरीतली एकेक वस्तू हातात घेऊन त्या विचारू लागल्या, "गेल्या वर्षात लागली का?" पुढे चाळीने तोच नेम धरला, हे मला तिथून वखारीत आलेल्या भंगाराकडून कळलं. शनिवारी रद्दी जायची आणि मोडलेलं दुरुस्तीला नाहीतर भंगारात जायचं. एखादी वस्तू आणण्याआधी ती शेजारी मिळेल का, हे विचारलं जाई.

मला मात्र पहिल्याच शनिवारी हातगाडीवर चढवलं. कांताबाईंनी माझ्यावर हात फिरवला, पण थांबवलं नाही. लागलं मनाला. तरीही त्यांनी केलं ते बरोबरच होतं.

मित्रांनो, आज घरी गेलात की एक काम करा. आईला किंवा बाबांना हाताशी घ्या, एक रिकामी खुर्ची दोघांनी उचला आणि आतल्या खोलीतून थेट रस्त्यापर्यंत नेऊन बघा. जिथे ती अडेल, तिथली वस्तू कितीही लाडकी असली तरी आजच हलवा. माझ्या बाबतीत ते मंजुळाने विचारलं तेव्हाच व्हायला हवं होतं.